तीन पावलं मागे

फिरदोस काँट्रॅक्टर चित्र घेऊन आला जुन्या चादरीत गुंडाळून.
म्हणाला, आलामाई फुईनं काढलेलं,
बत्तीस साली, ग्रँट रोडच्या घरी.
काळं पडलंय. नवं करून द्या.

नवं करणं माझ्या हातात नसतं.
माझ्या हातात असते एक काडी,
तिच्या टोकाला कापूस,
आणि माझी स्वतःची थुंकी.
हसू नका.
नव्वद वर्षांची काजळी इतक्या हळुवार
दुसरं काही उचलत नाही.

रोज बोटाच्या पेराएवढी जागा.
कापूस आधी कोऱ्या चहासारखा होतो,
मग तपकिरी, मग नुसताच मळका.
त्यात लोबानाचा धूर असतो, फोडणीचा असतो,
बंदरावरून आलेली खारट ओल असते,
कुणी कुणाशी बोलत नव्हतं
त्या वर्षांचीही थोडी धूळ असेल.

पहिले चार दिवस फूल दिसलंच नाही.
दिसले ते फटकारे.
एक गुलाबी, घाईत उतरलेला,
तो ओला असतानाच त्याच्या अंगावर चढलेला दुसरा,
पांढरा
(पांढरा कसला, निळा आहे त्यात, पिवळा आहे,
कच्च्या कैरीचा हिरवाही).
देठ कुठे संपतो, काचेचं भांडं कुठे सुरू होतं,
बाईला ठाऊक होतं आणि तिनं सांगितलेलं नाही.
भिंगाखाली तर निव्वळ चिखल.

असली चित्रं तीन पावलं मागे जाऊन बघायची असतात.
बोरा बाजारातल्या माझ्या खोलीत तीन पावलं नाहीत.
पहिलं पाऊल स्टुलापाशी,
दुसरं कपाटाला धडकतं,
तिसरं दाराबाहेर, सामाईक गॅलरीत,
जिथे हमीदभाईंचं शिलाई मशीन आहे.

म्हणून फुलं माझ्याआधी त्यांना दिसली.
काजं करता करता मान वर करून म्हणाले,
बाई, तुमची शेवंती जागी झाली.
डबा घेऊन आलेली मंजुळा म्हणाली, शेवंती कुठली, डेलिया.
कुरिअरचा पोरगा सही घेता घेता म्हणाला,
झेंडू. पण भिजलेला.

मी काडी ठेवली. बाहेर आले.
मशीनला पाठ टेकवून उभी राहिले.
चिखल एकदम सावरून बसला,
जशी पाहुणे आल्यावर घरातली माणसं बसतात.
झिनिया होती ती, माझ्या मते.
पण भांडायला कुणाशी जाऊ?
नाव लिहिलेलं नाही कुठे,
नुसतं ऊन लिहिलंय.

आणि भांड्याची सावली, जी आम्ही काळी समजत होतो,
ती जांभळी निघाली.
पिकल्या करवंदाची जांभळी, बोटांना लागते ती.
ते डावीकडून आलेलं तिरपं ऊन माझ्या ओळखीचं आहे.
सव्वाचार वाजता ते हमीदभाईंच्या बटणांच्या डब्यात उतरतं,
अकरा मिनिटं थांबतं,
आणि साधी शर्टाची बटणं
तेवढ्यापुरती कुणालाही विकावीशी वाटत नाहीत.

रंगात एक डास अडकलाय. पंखासकट.
तो मी काढलेला नाही.
त्या दुपारी तो तिथे होता, आपण नव्हतो.

उजव्या कोपऱ्यात, खाली, एक पाकळी कोरी आहे.
फिरदोस म्हणाला, इथला रंग गेलाय, भरून टाका.
मी भिंग लावून दोन दिवस शोधलं.
रंग गेलेला नाही. तो कधी लावलाच नव्हता.
उघडं कापड ठेवून बाई उठून गेली.
हात धुवायला गेली असेल,
कुणी हाक मारली असेल,
किंवा तिला कळलं असेल, आता पुरे.
गॅलरीतून पाहिलं की सगळ्यांत उजळ तेवढंच दिसतं.

मी फिरदोसला फोन केला. तयार आहे म्हटलं.
पवईच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर लावणार आहे तो.
विचारलं, समोरची भिंत किती लांब आहे?
मोजून सांगतो, म्हणाला.
त्याला आता तीन आठवडे झाले.

हमीदभाईंनी मशीन वीतभर बाजूला सरकवलंय.